आपांचा सल्ला

तलवाड्यात घरोघरी फिरून बायांना पाळीपासून बाळंतपणापर्यंत सगळं समजावणाऱ्या कमरजहाँआपांच्या जागी एआयचा बोलका टॅब आला. त्यानं भारदस्त पुरुषी आवाजात पाळीची माहिती सुरू केली, तशा ओसरीवरच्या बाया डोक्यावर पदर ओढून भराभरा घरात पळाल्या. आठव्या दिवशी टॅब परत गेला नि आपांची नोकरी वाचली.

हे ऐकून शाळेतले धोंडीराम गुरुजी धावतच आले.

“आपा, तसलाच टॅब माझ्या वर्गात बी आलाय. पोरं त्याच्यापुढनं हालंनात, माझ्याकडं बघंनात. माझी नोकरी जाती बघा! पोरं त्याच्यापासून पळावी म्हणून काय करू?”

 

आपा म्हणाल्या, “तुमची छडी त्याला देऊन बघा, गुरुजी.”