पन्नास एमबीत मावेल तेवढं

"फाइल मोठी आहे, बाबा. साइट पन्नास एमबीच्या वर घेत नाही," सून म्हणाली. "थोडं कापावं लागेल."

हलव्याचे दागिने कसे करायचे, याचा हा व्हिडिओ दिगंबररावांच्या बायकोने गेल्या संक्रांतीआधी केला होता. तिचा मोबाइल त्यांनीच धरला होता. नव्या सुनांना, तान्ह्या बाळांच्या आयांना घरबसल्या शिकता यावं, एवढीच तिची इच्छा. तो साइटवर टाकायचा राहिला आणि ती गेली.

"माझं बोलणं काप," ते म्हणाले. "मध्ये मध्ये उगाच तोंड घातलंय मी."

सुनेने कापलं. फाइल मावली. दोघांनी पाहिली. हार, बाजूबंद, बाळाचा मुकुट, सगळं नीट कळत होतं. पण पडद्यावर ती खाली मान घालून नुसती शिकवत होती. "अहो, हात हलवू नका," "खाताय काय, मुकुटाचा हलवा आहे तो," आणि त्यापुढचं तिचं हसणं, सगळं त्यांच्या बोलण्याबरोबर गेलं होतं.

"परत घालू?" सुनेने हळूच विचारलं. "मग मुकुट काढावा लागेल."

त्यांनी व्हिडिओ मुकुटापर्यंत मागे नेला.

"नको. मुकुटाशिवाय बोरन्हाण कसलं? असंच टाक. कापलेलं तेवढं माझ्या मोबाइलवर दे."

"तिथे जागा कुठाय? गुड मॉर्निंगची फुलं भरून ठेवलीत तुम्ही."

"ती काढ सगळी," म्हणत त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला.