तरफा

"पंखा," श्यामराव म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी उठून पंखा बंद केला. मे महिना होता. पण शनिवार पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड लागायची म्हणजे पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर गॅसवरून खाली आणि खिडक्या घट्ट. संगीत आणि उन्हाळा एकाच वेळी सोसायची सवय मंदाकिनीबाईंना लग्नापासूनच होती.

समोर आमोद बसला होता, हातात पोह्यांची बशी घेऊन. इमारत पाडायला काढली होती. वारज्याच्या भाड्याच्या घरात हे कपाटाएवढे स्पीकर मावत नव्हते, तेव्हा ते कुणाला तरी द्यायचे होते. कुणाला तरी म्हणजे कुणालाही नव्हे. ज्याला कान आहे त्याला. आधीच्या तिघांना श्यामरावांनी पोहे खायला घालून नापास केलं होतं. त्यातला एक 'बेस काय दणदणीत आहे' म्हणाला होता. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

"बशी खाली ठेवा. चमचा वाजतो."

आमोदने बशी ठेवली. श्यामरावांनी सतारीच्या रेकॉर्डवर सुई टेकवली.

"वाजवायच्या तारांखाली आणखी बारीक तारा असतात. त्या आपोआप झंकारतात. तरफा. त्या कुठून ऐकू येतात, एवढंच सांगायचं. घाई नाही. आमचं अर्धं आयुष्य गेलंय त्यात."

"उरलेलं अर्धं माझं," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि उजव्या स्पीकरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

आमोदने डोळे मिटले. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला, पण तो हलला नाही. श्यामरावांना ते आवडलं. मग त्याने डोळे उघडून एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"काका, रागावणार नाही ना?"

"ते उत्तरावर आहे."

"तरफा फक्त उजवीकडून येतायत. डावीकडचा ट्विटर, म्हणजे बारीक आवाजांचा तो वरचा छोटा गोल, बंद आहे."

"कानात मळ असेल तुमच्या."

"असेलही. पण एकदा जवळून ऐका ना, प्लीज."

श्यामराव उठले. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी डाव्या स्पीकरला कान लावला. मग उजव्याला. मग पुन्हा डाव्याला.

"दोन्हीकडे सारखंच तर आहे," ते म्हणाले.

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

सतार चालूच होती. आमोद पोह्यांकडे बघत बसला.

"केव्हापासून?" श्यामरावांनी विचारलं. आमोदला नव्हे.

मंदाकिनीबाईंनी पदराने मान पुसली. "मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही स्पीकर नेला असतात दुरुस्तीला. आणि तो दुरुस्त होऊन आल्यावर?"

आमोद घाईघाईने म्हणाला, "काका, ट्विटर मी बदलून घेईन. काही प्रॉब्लेम नाही."

"पास झालात तुम्ही," श्यामराव म्हणाले. "रविवारी टेम्पो आणा. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

चहा पिऊन आमोद गेला. जाताना त्याने दार इतकं हळू लावलं, जणू घरात कुणी आजारी असावं. श्यामरावांनी रेकॉर्ड उलटवली आणि आपल्या खुर्चीत येऊन बसले. मंदाकिनीबाईही येऊन बसल्या. उजवीकडे.

"तू पूर्वी डावीकडे बसायचीस."

"हो."

"इकडे का आलीस म्हणून मी विचारलं होतं तुला. तिकडे पंख्याचा वारा लागतो म्हणालीस."

"म्हणाले असेन."

श्यामरावांनी मान वर केली. पंखा बंद होता. पात्यांच्या कडेवरची धूळसुद्धा हलत नव्हती.

रेकॉर्ड अजून संपली नव्हती.

"पंखा लाव," ते म्हणाले.