बांधावरचा ताड

चिमण सकाळपासून खाटेवर तोंडाला टॉवेल लावून बसला होता. चहाचा कप त्याच्या हातातून पडला आणि उचलायलाही तो हात पुढे झाला नाही. ते पाहून त्याची बायको सोनीबाई धावत जाऊन गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला, हर्षदाला, घेऊन आली.

हर्षदा नुकतीच लकवा ओळखायचं ट्रेनिंग घेऊन आली होती. हसायला लावायचं, दोन्ही हात वर करायला सांगायचं, बोलतं करायचं. काही वाकडं दिसलं की तडक मोठा दवाखाना. उशीर झाला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देत नाहीत.

"चिमणकाका, हसा बघू," ती म्हणाली.

सायवन गावात चिमणला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. जमलेली माणसंच हसली. तो म्हणे स्वतःच्या लग्नात एकदा हसला होता, पण तेही सोनीबाईला पटत नव्हतं. हात वर करा म्हटलं तर त्याने डोळे वटारले. बोलत तर तो असाही नव्हता. दवाखान्यात न्यायला जीप दारात उभी आणि हा खाट सोडेना. याचं हे रोजचंच, उगाच कशाला छळता, असं म्हणत माणसं पांगायला लागली. सोनीबाई रडकुंडीला आली.

तेवढ्यात चिमणचा धाकटा भाऊ अमृत पुढे झाला. दोघांच्या शेतांमधल्या बांधावर एक ताड होता. त्याच्या ताडीवरून दोघांनी कित्येक वर्षं अबोला धरला होता. अमृतने एकदा वहिनीकडे पाहिलं, मग ताडाकडे. ताडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"दादा, बांधावरचा ताड तुझा. सगळ्यांसमोर सांगतो."

चिमणने टॉवेल खाली घेतला आणि तो हसला. डावी बाजू पार कानापर्यंत गेली. उजवी जागची हलली नाही.

"उचला," हर्षदा म्हणाली.

त्याला खाटेवरून उचलून जीपमध्ये घातलं. चारोटीला हायवे लागला तरी तो अर्ध्या तोंडाने हसतच होता. त्याचं डोकं अमृतच्या मांडीवर होतं.

इंजेक्शन वेळेत मिळालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला सांगितलं. डावा झटक्यात गेला. उजवा रेंगाळला, पण गेला. डॉक्टर खूश झाले.

चिमण तिथे थांबला नाही. अमृतकडे बघत त्याने दोन्ही हातांनी हवेला मिठी मारली आणि पडल्या पडल्याच, एका हातावर दुसरा हात टाकत, तो ताड चढू लागला.

अमृतचे डोळे भरून आले.

"चढ दादा," तो म्हणाला. "मडकं मी खाली धरतो."