काचेमागचं घड्याळ

"हे लोढणं मी हातात घालणार नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डबी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवून दिली.

डबीत लेकीने आणलेलं नवं घड्याळ होतं. ते पावलं मोजायचं, हृदयाचे ठोके मोजायचं, झोपसुद्धा मोजायचं आणि सगळा हिशेब लेकीच्या मोबाइलवर पाठवायचं. चित्रकलेचे वर्ग सुटल्यापासून मास्तरांची खुर्ची सुटत नव्हती आणि त्यात रक्तदाब. लेकीने काळजीपोटी आणलं तर तिचं काय चुकलं?

पण मास्तरांच्या मनात भरलं होतं भलतंच. चढावरच्या घड्याळांच्या दुकानात काचेमागे एक महागडं घड्याळ होतं. किल्ली द्यायचं, पाठीलाही काच असलेलं, आतली चाकं फिरताना दिसणारं. घालीन तर ते, नाहीतर मनगट उघडं बरं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. लेकीने बराच वाद घातला आणि शेवटी हात टेकले. "हे आता दुकानात परत घेणार नाहीत, बाबा. पडू दे मग कपाटात," ती म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली.

ते ऐकून जीव हळहळला तो बाईंचा. बाई म्हणजे मास्तरांची बायको. घरातच शिवणकाम चालायचं आणि अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. चिंधी टाकायचीसुद्धा त्यांच्या जिवावर येई. घरातल्या सगळ्या उशा चिंध्यांनीच भरलेल्या होत्या. स्वतःवर खर्च करायचा म्हटलं की मात्र कानांवर हात. मध्यंतरी जिना चढताना चक्कर आली आणि बाई मधल्याच पायरीवर बसल्या, तर डॉक्टरकडे चल म्हणणाऱ्या मास्तरांना त्यांनी उडवून लावलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, एवढंच. शिवाय पडदे द्यायचे राहिले होते.

कधी नव्हे ते त्या स्वतःसाठी जाकीट शिवायला बसल्या होत्या, तेही उरलेल्या कापडातून. तर त्याची एक बाहीच नाहीशी झाली. बाईंनी घर पालथं घातलं, मास्तरांवरही आळ घेतला. "मी काय तुझी बाही घालून हिंडू?" मास्तर म्हणाले. मग बाही मशीनच्या खणातच सापडली आणि आपल्या विसरभोळेपणाचं बाईंनाच हसू आलं. लेकीचं घड्याळ घरात आलं ते त्यानंतर लगेचच.

आठवडाभर ती डबी मशीनवर पडून राहिली. येता-जाता बाईंना ती टोचायची. शेवटी त्यांनी घड्याळ काढलं आणि स्वतःच्याच मनगटाला बांधलं.

"तुम्ही नाही तर मी घालते. वाया तरी जायला नको."

"घाल की," मास्तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले.

बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी लगेच बेत आखला. दोघं बरोबर चालली म्हणजे पावलं सारखीच पडणार. मग घड्याळ कुणाच्या का हातात असेना, मास्तरांचं चालणं मोजलं जाणारच. लेकीला फोन करून सांगितलं तर तीही चटकन कबूल झाली. म्हणाली, आई, मात्र झोपतानाही काढू नकोस.

प्रश्न होता मास्तरांना खुर्चीतून उठवायचा. त्यावरही बाईंनी गळ शोधला. "चला, तुमचं ते घड्याळ बघून येऊ," असं म्हटलं की मास्तर निमूटपणे चपला घालायचे. रोज संध्याकाळी जोडी निघायची. पाखरांच्या, फुलांच्या, भांड्यांच्या, जे दिसेल त्या दुकानापुढे मास्तर रेंगाळायचे. चढावर तर फारच. बाई तेवढ्यात दम खाऊन घ्यायच्या आणि यांना थांबायची भारी हौस म्हणून कुरकुरायच्याही. वर पोचलं की मास्तर हात मागे बांधून काचेपाशी उभे राहायचे.

"आत जाऊन एकदा हातात तरी घालून बघा," बाई म्हणायच्या.

"नको. मग सोडवणार नाही."

आणि रात्री दिवा मालवण्याआधी मास्तरांचा एक खवचट प्रश्न ठरलेला असायचा. "काय म्हणतंय आज तुझं खेळणं?" बाई आकडे वाचून दाखवायच्या. मास्तर हूं म्हणून कूस बदलायचे.

असे काही महिने गेले. मास्तरांचा रक्तदाब एकदम ताळ्यावर आला. आपण नवऱ्याला ताकास तूर लागू न देता माणसात आणला, या आनंदात बाई होत्या. त्यांचा स्वतःचा जिनाही आता एका दमात चढून व्हायचा, पण तिकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत कुठली? त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. गुणी माणूस. इतकं ऐकलं त्याने. त्याला एकदा तरी मनासारखं मिळायला हवं.

नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी काढले. पैसे काढताना हात अडखळला नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. दुपारी मास्तर झोपलेले पाहून त्या एकट्याच चढ चढून गेल्या आणि पहिल्यांदाच दुकानाच्या आत शिरल्या.

"ते काचेमागचं द्या. मास्तरांसाठी हवंय," त्या म्हणाल्या.

दुकानदार जरा चकित झाला. मास्तर तर म्हणाले होते, आपल्याला घड्याळांतलं काही कळत नाही, असं तो बोलला. मग गल्ल्यावर टेकलेल्या बाईंच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा, पट्टा अगदी नेमका बसलाय. चक्कर थांबली ना आता? त्या दिवशी मास्तर मापाला तुमच्या जाकिटाची बाही घेऊन आले होते."