सात नंबरचे पालक

"सात नंबर!" शिपायाने पुकारलं आणि ताईंनी कपाळाला हात लावला.

"आले का हे पुन्हा?" त्या शेजारच्या सहायकाकडे वळून पुटपुटल्या.

"सगळ्यांच्या आधी येऊन टोकन घेतलंय, ताई." सहायक उगाचच कागद चाळू लागला. "आणि चारला निघायचंय तुम्हाला. लक्षात आहे ना?"

"हा माणूस सोडेल तेव्हा निघेन ना!"

शाळा निवडीचं विधेयक ताईंनी आमदार झाल्यापासून उराशी धरलं होतं. ज्या वस्तीत घर, त्याच वस्तीतली शाळा, ही सक्ती त्यांना मोडायची होती. पालक म्हणतील ती शाळा. मूल जिकडे जाईल तिकडे सरकारी अनुदान. त्या स्वतः अशाच सक्तीच्या शाळेत शिकल्या होत्या. तिथे विज्ञानाच्या तासाला पोरं पटांगण झाडायची. आज समितीने होकार दिला, तरच विधेयक या अधिवेशनात येणार होतं. नाहीतर निवडणूक तोंडावर होतीच. मग कोण ताई आणि कुठलं विधेयक!

पण जनसुनावणीत टोकन घेईल त्याला बोलू द्यावं लागे. एका सुनावणीत खुर्च्या उडाल्या, तेव्हापासून नियम कडक झाले होते. बोलणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नुसता नंबर. बोलायचं ते अध्यक्षांकडे बघून. एकमेकांशी थेट एक शब्द नाही.

सात नंबर माइकपाशी आले. उंच, शांत, कसलीच घाई नसलेला माणूस. निळ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला पांढरा दोरा. ताईंची नजर हटकून त्या दोऱ्यावर जायची आणि त्या आणखीच वैतागायच्या. सात नंबरनी हातातली बदकाच्या चित्राची पाण्याची बाटली माइकशेजारी ठेवली.

"अध्यक्ष महोदय, माझी मुलगी पहिलीत आहे. गल्लीच्या टोकाला शाळा आहे, तिथे जाते."

"हे मागच्या वेळी सांगून झालंय," ताई म्हणाल्या.

"ताई, नियम," अध्यक्ष म्हणाले.

"तिच्या आईला वाटतं, तिने नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जावं. तिथे प्रयोगशाळा आहे, पोहायला तलाव आहे. आईचं काही चुकत नाही. पण पोरीला तिच्या बाई आवडतात. दुपारी डोळे मिटायला लागले की बाई मांडीवर डोकं टेकू देतात. शेजारची मैत्रीण आहे. दोघी हात धरून जातात. एकीच्या बुटाची नाडी सुटली की दुसरी थांबते."

"मग तीच शाळा निवडा की!" ताई अध्यक्षांकडे बघत कडाडल्या. "यांना अडवलंय कोणी? निवड द्यायलाच तर हा कायदा आणतोय आम्ही!"

"तेच विचारायचंय," सात नंबर म्हणाले. "या कायद्यात आई-वडलांपैकी एकाची सही पुरते. समजा, मी गल्लीतल्या शाळेवर सही केली आणि तिच्या आईने नदीपलीकडच्या. मग सोमवारी सकाळी पोरीने दप्तर उचलून जायचं कुठे?"

सभागृहात हशा पिकला. 

अध्यक्षांनी चष्मा काढला. "खरंच की हो. आमच्या घरी पंखा किती जोरात लावायचा यावर एकमत होत नाही. यावर कलम कुठे आहे, ताई?"

ताईंची कानशिलं तापली. विधेयकाची ओळ न् ओळ वकिलांबरोबर बसून तपासली होती. आई-वडील म्हणजे एकच मत, असं धरून सगळे लिहीत गेले होते. एकालाही शंका आली नव्हती.

"अध्यक्ष महोदय, हा घरात बसून बोलायचा विषय आहे. यांनी आपल्या बायकोशी बोलावं. समितीचा वेळ का खातात?"

"बोललो असतो." सात नंबरचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "पण ती कामात असते. बहुतेक दिवस निघते तेव्हा पोरगी झोपलेली, परतते तेव्हाही झोपलेली. मग उरलोच मी. आई कधी येणार, असं पोरीने कितीदा विचारावं, आणि मी कितीदा काय सांगावं?"

सहायकाला ठसका लागला. अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवत खाली पाहिलं.

"विधेयक दुरुस्तीसाठी परत," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या अधिवेशनात बघू."

ताईंनी फाइल अशी मिटली, की शिपाई दचकला. सगळं मुसळ केरात. तेही असल्या माणसामुळे, ज्याला ना पक्ष, ना संघटना. विरोधकांना जमलं नव्हतं, ते यांनी एका सहीवरून करून दाखवलं.

सात नंबर जिन्यापाशी खिडकीत उभे होते. ताई तरातरा त्यांच्यासमोर गेल्या.

"झालं समाधान? इतक्या वर्षांची मेहनत मातीत घातली!"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बदकाची बाटली ताईंच्या हातात दिली.

"आज आणायची पाळी तुझी आहे," ते म्हणाले. "शाळा सुटल्या सुटल्या आधी पाणी मागते आपली लेक."