तांबडी आणि हिरवी

"आधी तांबडीचं सांग," गंगाधर म्हणाला.

शरयूनं त्याच्या मानेखालची उशी सारखी केली, भाताचा घास त्याच्या तोंडाशी नेला आणि सांगायला सुरुवात केली. यवतेश्वराच्या घाटात तांबडी नेहमीसारखीच हट्टी होती. सीट इतकं खाली की रस्त्यावरचा खडा न् खडा पाठीला कळत होता. पण स्टिअरिंग जरासं हलवलं की गाडी वळलेली. वळणाआधीच वेग तोडायचा, दुसरा गिअर टाकायचा आणि वळणात शिरलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबत न्यायचा. मग ती कुणी ओढून घेतल्यासारखी बाहेर पडते.

"आणि तिथं हिरवी असती तर?"

हिरवी बाहेरच्या अंगाला कलली असती, शरयू म्हणाली. तिचं नाक लांब, अंग जड. मागची चाकं जराशी सरकतात. पण हातून चूक झाली तर ती सांभाळून घेते. तांबडी सांभाळत नाही.

चूक हा शब्द तोंडातून गेला आणि तिचा घास धरलेला हात वाटेतच राहिला. गंगाधरनं घास मागितला तेव्हा भानावर आली.

तांबडी आणि हिरवी या आपल्या दोन गाड्यांतून घाटातल्या शर्यती जिंकणारा गंगाधर साध्या घरच्या मोटारीत, सावकाश जाताना जायबंदी झाला होता. पसरणीच्या घाटात वळणावर बैलगाडी आडवी आली आणि मोटार कड्यावर आदळली. मोटार त्याची बायको शरयू चालवत होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. त्याच्या कमरेखाली काहीच हलेनासं झालं.

मिरजेच्या इस्पितळातून साताऱ्याला घरी आणल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कुणाशी एक शब्द बोलला नाही. शरयूही कुणाशी बोलत नसे. एका सकाळी ती न सांगता माहुलीला गेली आणि कमरेपर्यंत ओल्या लुगड्यानं परत आली. नदीच्या पायरीवरून पाय घसरला, म्हणाली. त्याच संध्याकाळी गंगाधरनं भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"रविवारी तांबडी काढ. यवतेश्वरावर जा. कशी चालली ते मला येऊन सांग."

गाड्या विकल्या, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तो मिरजेला असतानाच इस्पितळाच्या खर्चासाठी तिनं दोन्ही गाड्या फलटणच्या नाथाजींना दिल्या होत्या. नाथाजी निवृत्त सुभेदार, उसाचे बागायतदार आणि गाड्यांचे शौकीन. पण गंगाधरचे हे इतक्या दिवसांतले पहिले शब्द होते. तिला बोलवेना.

रविवारी ती स्टँडवर गेली आणि यवतेश्वराच्या घाटातून जाणाऱ्या बामणोलीच्या एसटीत बसली. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरली. बस प्रत्येक वळण घ्यायची तेव्हा ती डोळे मिटून, इथं तांबडी काय करायची, हिरवी काय करायची, ते आठवायची. त्यानं दोन्ही गाड्या चालवायला तिला याच घाटात शिकवलं होतं. परतीच्या बसनं खाली आली, त्याच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं. तो पोटभर जेवला.

मग दर रविवारी असंच होत गेलं. एकदा तांबडी, एकदा हिरवी. त्यांचं घर अरुंद बोळात, गाडी दारापर्यंत येतच नसे. गाड्या पोवई नाक्यावर एका ओळखीच्या गॅरेजात आहेत, असं तिनं सांगितलं होतं. पेट्रोल इतकं महागलं की बोळातल्या लोकांनी स्कुटरी झाकून ठेवल्या, तरी गंगाधरनं पेट्रोलचा विषय कधी काढला नाही. तिला ते आपलं नशीब वाटे. ती निघाली की तो एकच गोष्ट विचारायचा, किती वाजता येशील?

थंडीत त्याच्या पाठीच्या जखमा चिघळल्या. ताप उतरेना. डॉक्टरांनी शरयूला ओसरीवर बोलावलं आणि आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसली. आपण या माणसाला दर रविवारी फसवत आलो. तो गेल्यावर हे कुणाला सांगायचं, कुणाकडे माफी मागायची? निदान एक फेरी तरी खरी हवी होती.

रविवार उजाडायची तिनं वाट पाहिली नाही. शेजारच्या धोंडुबाईंना त्याच्याजवळ बसवलं.

"कुठं निघालीस?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"आज हिरवी काढते."

"किती वाजता येशील?"

दिवस मावळायच्या आत, असं सांगून तिनं फलटणची एसटी धरली.

नाथाजी अंगणातच होते. मागं पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही गाड्या ताडपत्रीखाली उभ्या होत्या. शरयूनं काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. हिरवी एक दिवसापुरती द्या, पाहिजे तर तुम्ही शेजारी बसा, असं म्हणत तिनं हात जोडले.

"त्यांना एकदा तरी खरं सांगू द्या मला."

नाथाजींनी तिला पाणी दिलं.

"ताई, गाड्या घ्यायच्या आधी म्या मिरजेला गेलतो," ते म्हणाले. "मालकाला इचारल्याबिगर कशा घेणार? त्येंनीच घे म्हणून सांगितलं. त्येंना पयल्यापासनं ठावं हाय."

शरयूनं हातातला पेला खाली ठेवला. मग दर रविवारी मला कशाला धाडतात, असं तिनं कसंबसं विचारलं. मागच्या महिन्यात एका रविवारी, तुम्ही घाटात असताना, त्यांना भेटायला गेलो तेव्हा मीही तेच विचारलं, असं नाथाजी म्हणाले. त्यांनी खिशातून हिरवीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"म्हणाले, ती पुन्ना नदीवर गेली तर मला उठून तिच्या मागं धावता येत न्हाई. तिला मला येऊन काय तरी सांगायचं असलं म्हंजी ती घरी परत येती. आन् मी गेल्यावर, नाथाजी, दर रविवारी तू तिला इचारायचं, आज गाडी कशी चालली."