‘घासूनपुसून’ला एक प्रश्न

“सर, ज्यांच्या वस्तूंबद्दल तुम्ही लिहिता, त्यांच्याकडून तुम्ही काय काय घेता?”

सभागृहातल्या सगळ्या माना प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे वळल्या. मागच्या रांगेत मैत्रिणींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. पैज त्यांचीच होती. “तू? आणि हे विचारणार? शक्यच नाही!” असं म्हणून त्यांनी तिला डिवचलं होतं. पण शाळेत तिला उगाच तोफ म्हणत नसत.

“अगं, तू?” मुख्याध्यापिका बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“विचारू द्या, बाई.” व्यासपीठावरचे पाहुणे, सर, हसले. ‘घासूनपुसून’ हा त्यांचा ब्लॉग. पेनापासून पंख्यापर्यंत काय घ्यावं नि काय नाही, हे लोक तो वाचून ठरवत. “काहीही घेत नाही. वस्तू येते, मी वापरतो, परत पाठवतो. संपलं.”

टाळ्या पडल्या. तोफ काही बसली नाही.

“मग चिमणीच्या आईचं दप्तर किती वापरलंत?”

शेजारी तिची मैत्रीण चिमणी मान खाली घालून बसली होती. चिमणीची आई घरीच दप्तरं शिवायची. यंदा शाळेने सगळ्यांसाठी तीच घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात सरांनी लिहिलं, ‘आठवड्यात पट्टा उसवला.’ काम गेलं एका बड्या कंपनीकडे. त्या कंपनीची जाहिरात सरांच्या त्याच लेखाखाली झळकत होती. चिमणीच्या आईने शिलाई मशीन विकायला काढलं.

“आठवडाभर वापरलं,” सर म्हणाले.

तोफेने दप्तर उंच धरलं. “तुम्ही परत पाठवलेलं हेच ते. काकूंनी चेनला बांधलेला दोरा अजून सुटलेलाच नाही. तुम्ही दप्तर उघडलंच नाहीत, सर! घासलंत कुठे नि पुसलंत कुठे?”

असा हशा पिकला की बाईंनाही तोंडावर रुमाल धरावा लागला. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी ते प्यायले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

“एवढ्या लोकांसमोर?”

“तुम्ही लिहिलंत, तेही लोकांसमोरच.”

“त्या कंपनीला दुखवून कसं चालेल? मलाही घर आहे.”

“चिमणीलाही आहे. चूक झाली असं लिहा. आजच.”

“जमणार नाही.”

“बघा हं,” ती गोड आवाजात म्हणाली. “नंतर म्हणाल, सांगितलं नाही.”

बाहेर मैत्रिणींनी तिला फक्त खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. चिमणी मात्र हळूच म्हणाली, “पुरे आता. तुलाच त्रास होईल.”

“होऊ दे की. सूड अर्धवट सोडला तर पोटात दुखतं माझ्या.”

संध्याकाळपर्यंत ‘घासूनपुसून’वर एक ओळही आली नाही. आई-बाबा जेवायला बसले, तेव्हा ती ताट न घेताच समोर उभी राहिली.

“मी ठरवलंय. आजपासून माझाही ब्लॉग. कंपन्यांकडून आलेल्या आणि कधीच परत न गेलेल्या वस्तूंचा. जिथे उभ्या आहेत, तिथेच त्यांचे फोटो काढणार.”

आईच्या हातातला डाव थांबला. “सुरुवात कशापासून?”

“आपल्या फ्रिजपासून.” तिने मोबाईल वर धरला. “जरा बाजूला सरका, तुम्ही फोटोत येताय, सर... म्हणजे, बाबा.”